उजव्या हाताची बंदूक

माझे साडू सिंगापूरच्या रॅफल्स प्लेसला एका बँकेत मोठ्या पदावर आहेत आणि ईस्ट कोस्टला स्विमिंग पूलवाल्या कॉन्डोत राहतात. मी हौगांगला सरकारी फ्लॅटात राहतो आणि एसी दुरुस्तीचा धंदा करतो. सुरुवातीला एका शिडीवर आणि एका हत्यारांच्या पेटीवर तो उभा केला. आम्हा दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढंच आमच्यात साम्य.

साडू दरवर्षी मे महिन्यात न्यूझीलंडला बदकांच्या शिकारीला जातात. बरोबर बँकेतलेच दोघे असतात. मागच्या वर्षी त्यांच्या बायकोच्या आग्रहाखातर त्यांनी मला चौथा म्हणून नेलं. हातात कुणाची तरी जुनी, दोन नळ्यांची बंदूक दिली. पहाटेच्या धुक्यात मी एक बदक टिपलं. ते प्लास्टिकचं निघालं. खरी बदकं खाली उतरावीत म्हणून पाण्यात तशी सोडून ठेवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते हललं नाही म्हणून मी त्याला आणखी एक गोळी घातली.

सिंगापूरला परतल्यावर साडूंनी ही गोष्ट गणपतीत सांगितली, दिवाळीत सांगितली, एका बारशातही सांगितली. दर वेळी शेवट एकच. "पहिली गोळी मी समजू शकतो. पण दुसरी?"

यंदा मी पुन्हा येतो म्हणालो, तर त्यांनी अट घातली.

"साडूभाऊ, आधी इथल्या नेमबाजी क्लबात हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या उडवून दाखवा. पंचवीसपैकी पंधरा फोडल्यात तर चला. बदकं राहू देत, आम्हाला माणसं वाचवायची आहेत."

त्याच दिवशी मी ठरवलं, स्वतःची बंदूक घ्यायची. आणि एकच घ्यायची, जी क्लबात तबकड्याही फोडेल आणि चिखलात बदकंही पाडेल.

या देशात शिकार करता येत नाही. बंदूक घरी नेता येत नाही, ती क्लबाच्या शस्त्रागारात कुलपात राहते आणि परदेशी न्यायची तर वेगळी परवानगी लागते. परवान्यासाठी मी इतके अर्ज भरले की तेवढ्यात दुसरा एखादा माणूस नागरिक झाला असता. परवाना आल्यावर क्लबानेच सांगितलेल्या दुकानात गेलो. मालक सत्तरीतले चिनी अंकल होते, बनियनवर बसून पपई खात होते.

त्यांनी मला दोन तास शिकवलं. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एक काडतूस उडालं की रिकामं नळकांडं बाहेर फेकून दुसरं आपोआप वर घेणारी. दिवसभर तबकड्या उडवायच्या तर वजनदार बरी, खांद्याला धक्का कमी बसतो. दलदलीत मैलभर चालायचं तर हलकी बरी. दोन्ही कामांना एकच हवी तर मधल्या वजनाची घ्या, आणि नळीच्या तोंडाशी बसवायचे चोक बदलत राहा. छर्रे जवळ पसरायला हवेत की लांबवर एकत्र जायला हवेत, ते चोक ठरवतो. मी सगळं ऐकलं आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. गिऱ्हाइकाची गरज कळली की दुकानदार भाव चढवतो, हे मला धंद्याने शिकवलंय.

मग अंकलनी विचारलं, "तुम्ही डावखुरे आहात का?"

मी डावखुरा आहे. पाना डाव्या हातात धरतो, क्रिकेट डाव्या हाताने खेळलो. पण आमच्या घरी डाव्या हाताने काही घ्यायचं नाही, द्यायचं नाही, जेवायचं तर नाहीच. शाळेत मास्तरांनी माझी पेन्सिल उजव्या हातात आणेपर्यंत पट्टी वापरली. अशी गोष्ट मी दुकानदाराला कशाला सांगू?

"अजिबात नाही," मी म्हणालो.

"तसे असता तर ती भिंतीवरची आहे. कुणी घेत नाही, पडून आहे. खूप स्वस्तात देतो."

मी न मागता भाव कमी करणारा दुकानदार आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. माझं डोकं तापलं. "तुमचा अडकलेला माल माझ्या गळ्यात मारू नका," असं सांगून मी शेजारची बंदूक मागितली. नवी वस्तू म्हणून उजव्या हाताने घेतली, उजव्या खांद्याला लावली, आणि तिच्यावर घासाघीस सुरू केली. अंकलची पपई संपली, दुपारचं जेवण झालं, चहा झाला. शेवटी मी त्यांच्याकडून चार चोक, तेलाची बाटली, नळी पुसायचा गज आणि दुकानाचं कॅलेंडर फुकट मिळवलं.

"इतका वेळ तर माझ्या लग्नाच्या बोलणीलाही लागला नव्हता," अंकल म्हणाले.

बंदूक त्यांनी रीतसर क्लबात पोचती केली आणि मी एमआरटी मेट्रोने कॅलेंडर घेऊन घरी आलो. बायकोने नव्या वस्तूला हळदकुंकू वाहायचं म्हणून ताट तयार ठेवलं होतं.

"अहो, वाहू कशावर?"

मी तेलाची बाटली पुढे केली. तिने तिलाच वाहिलं.

परीक्षा रविवारी सकाळी होती. क्लबाचे पंच एक निवृत्त मुख्याध्यापक होते, हातात पुठ्ठा आणि पेन्सिल. साडू मागच्या बाकावर कॉफी घेऊन बसले. मी उजव्या खांद्यावरून पाच बार काढले, त्यात एक तबकडी फुटली. सहाव्याला रागाने बंदूक डाव्या खांद्यावर घेतली आणि नेम आपोआप लागला. मात्र उजव्या हाताची बंदूक रिकामी नळकांडी उजवीकडे फेकते, म्हणजे डावखुऱ्याच्या नाकासमोरून. प्रत्येक बार काढला की एक गरम नळकांडं माझ्या नजरेसमोरून जाई आणि दारूचा धूर चष्म्यावर येई. अंकल भिंतीवरची कुठली बंदूक विकत होते ते मला तेव्हा कळलं. तरी चोवीस बार झाले तेव्हा चौदा फुटल्या होत्या.

पंचविसावी तबकडी होती तशी गवतात जाऊन पडली.

"टवका उडाला," मी म्हणालो. हवेत एक तुकडा उडालेला दिसला तरी ती धरतात, असा नियम आहे.

"मला दिसला नाही," पंच म्हणाले.

"चष्मा पुसून घ्या. डाव्या कडेचा उडाला."

"दिसला नाही."

"बरं, अर्धी धरा."

"अर्धी तबकडी नसते."

"पाऊण तास उन्हात उभा आहे मी. अर्धी तर धरा, उरलेली अर्धी पुढच्या रविवारी फोडतो."

पंचांनी पेन्सिल कानामागे ठेवली. मागच्या रांगेतले लोक घड्याळं बघू लागले. तेवढ्यात साडू उठले आणि म्हणाले, "उडाला. मी पाहिला टवका."

पंचांनी पेन्सिल पुन्हा हातात घेतली.

साडू त्या वेळी मोबाइल बघत होते. मी बार काढताना ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं होतं. त्यांच्या मेहेरबानीची तबकडी घेऊन मी न्यूझीलंडला गेलो असतो, तर पुढच्या गणपतीत काय ऐकावं लागलं असतं ते मला पाठ होतं.

"नाही उडाला," मी म्हणालो.

"अहो, आत्ताच तर तुम्ही उडाला म्हणत होतात," पंच म्हणाले.

"आता नाही म्हणतोय."

"साडूभाऊ, उडाला," साडू म्हणाले.

"तुम्ही मोबाइल बघत होतात. एक कण उडालेला नाही. अख्खी पडलीय, जाऊन बघा."

आमचा आवाज चढला. ते माझी तबकडी फुटली म्हणून भांडत होते आणि मी फुटली नाही म्हणून. शेवटी पंचांनी चौदा लिहिले आणि सही करायला पुठ्ठा माझ्यापुढे धरला. मी केली. मे महिन्यात ते तिघेच गेले.

परीक्षेच्या दिवशी साडूंनी मला त्यांच्या गाडीतून घरी सोडलं. वाटेत सिग्नलला ते म्हणाले, "मला तुम्हाला न्यायचंच होतं."

"मग पंधराची अट कशाला घातलीत?"

"मी नाही घातली. ते दोघे वीस म्हणत होते. दोन आठवडे डोकं खाऊन मी त्यांना पंधरावर आणलं."

सिग्नल सुटला.

"फक्त पंधरावर?" मी म्हणालो. "मला सांगायचंत. मी त्यांना दहावर आणलं असतं."