खिशातला काळा मसाला

माझ्या नवऱ्याच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला एक तपकिरी डाग असायचा. लोकांच्या नवऱ्यांच्या खिशाला पेनची शाई लागते, आमच्याकडे काळा मसाला. तोही मीच भाजलेला, मीच कुटून आणलेला, आणि डाग काढायला साबण घेऊन बसणारीही मीच.

तसे आम्ही दोघंही खाण्याच्या बाबतीत वाया गेलेले. लग्न ठरताना घरच्यांनी आम्हाला बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं. अशा वेळी मुलगा वाचन विचारतो, गाणी विचारतो. या माणसाने घसा खाकरला आणि विचारलं, "शेवभाजीत शेव तुम्ही आधी घालता की वाढताना?"

मी म्हटलं, "वाढताना. आधी घातली तर लगदा होतो."

तो जिना उतरला आणि होकार देऊन मोकळा झाला. माझ्या आईला वाटलं, मुलाला माझे डोळे आवडले.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमचे हे नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात, मी शाळेत शिक्षिका. आठवडाभर स्वयंपाक माझा, आणि तो मी हौसेने करायची हे कबूल करते. पण सहा दिवस फोडणीसमोर उभं राहिलेल्या बाईचं एक दुःख असतं. जेवायला बसेपर्यंत तिने ते जेवण नाकाने अर्धं खाल्लेलं असतं. मीठ किती, तिखट किती, कुठे हात आखडला आणि कुठे सैल सुटला, सगळं तिला आधीच ठाऊक. म्हणून रविवारी मला एकच गोष्ट हवी असायची. दुसऱ्या कुणीतरी केलेलं, मला ठाऊक नसलेल्या चवीचं गरम खाणं. साडी नको, गजरा नको. एवढंच.

आणि तेवढंच मिळत नव्हतं, कारण ती डबी.

मसाल्याचं आमच्याकडे वर्षाचं कार्य असायचं. एप्रिलमध्ये सटाण्याहून सासूबाईंच्या माहेरचा कांदा यायचा. तो चिरून गच्चीवर कडक वाळवायचा, मग तेलात काळपट होईपर्यंत परतायचा. धणे, दगडफूल, लवंग, बाद्यान, हळकुंडं, मिरच्या, सगळं वेगवेगळं भाजायचं. मग डबे स्कूटरवर बांधून मसाल्याच्या गिरणीत, डंकावर कुटायला न्यायचे. तिथे रांगेत उभं राहून सगळ्या बायका पदर नाकाला लावून शिंकायच्या आणि आमचे हे एकटेच पुरुष त्यांच्यात डोळे पुसत, भारावून उभे असायचे. सासूबाई बागलाणातल्या, कौतुकाच्या बाबतीत हात फार आखडता. त्यांनी पहिल्या वर्षी माझा मसाला तळहातावर घेऊन चाटला आणि अहिराणीत म्हणाल्या, "चांगला शे." झालं! त्यांच्या लेकाने ते सरकारी शिक्क्यासारखं मानलं.

त्या दिवसापासून यांच्या खिशात डबी आली. ॲल्युमिनियमची, चपटी, चुना ठेवतात तसली. खरं तर चुन्याचीच. घरात तंबाखू कुणी खात नव्हतं, पण झाकण घट्ट बसतं म्हणून यांनी मुद्दाम रविवार कारंजावरून आणली. मग काय, बाहेर गेलो की ताट यायचं, हे एक घास खायचे, डोळे मिटायचे, परीक्षकासारखी मान हलवायचे आणि डबी काढायचे.

"अहो, ठेवा ती."

"अगं, एक चिमूट. बिचाऱ्यांनी मेहनत केलीय, फक्त शेवटी मार खाल्लाय."

उडप्याच्या सांबारात चिमूट. गाडीवरच्या मंचुरियनवर चिमूट. स्वतःच्या ताटात घालून थांबले असते तर मी डोळ्यांवर पट्टी बांधली असती. पण नाही, माझ्याही ताटात! प्रेमाने! कॉलेज रोडला एक नवं, मंद दिव्यांचं हॉटेल निघालं होतं, तिथे लग्नाच्या वाढदिवसाला गेलो. टोमॅटो सूप आलं. वर क्रीमची नाजूक नक्षी. मी चमचा उचलेपर्यंत त्या नक्षीवर माझा मसाला पडला होता.

"आता बघ," हे म्हणाले.

मी बघितलं. माझी मंगळवारची टोमॅटोची आमटी माझ्याकडे बघत होती.

बरं, भांडायची सोय नाही. मी चिडले की हे दुखावून म्हणायचे, "जगात लोक बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. मी तुझी चव गावभर घेऊन फिरतो." मैत्रिणींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, किती गं नशीबवान. मी नशीब धुवायला साबण शोधत घरी यायची.

शेवटी मी एक तह केला. गंगापूर रोडला, वस्ती संपून मळे सुरू होतात तिथे, पत्र्याच्या शेडमध्ये एक मिसळ मिळायची. काळ्या रश्श्याची, पण माझ्यासारखी मुळीच नाही. तिच्यात काहीतरी धुरकट होतं, मागाहून घशात हलकेच गोडसर काहीतरी यायचं, आणि ते काय आहे हे मला कधीच ओळखता आलं नाही. ओळखायचंही नव्हतं. तेच तर सुख होतं. मी यांना बजावलं, "बाकी नाशिक तुमचं. ही शेड माझी. इथे डबी निघाली तर मी वर्षभर मसाला करणार नाही."

धमकी चांगली होती. काही वर्षं चाललीही.

मग एका रविवारी रस्सा जरा पातळ आला. जराच. माझं लक्ष पापडाकडे होतं. यांनी टेबलाखाली डबी उघडली, तळहातावर चिमूट घेतली आणि अंगठ्याने मोकळी करू लागले. वाढणाऱ्याने हे लांबून पाहिलं आणि गल्ल्यावर जाऊन सांगितलं. मालक उठून आले. भरदार मिशांचे, खांद्यावर पंचा.

"साहेब, फॅमिली बसती इथं. तंबाखू बाहेर मळा."

सगळी शेड आमच्याकडे वळली. मला वाटलं, मटकीच्या पातेल्यात शिरून झाकण लावून घ्यावं. पण आमचे हे उजळले! इतकी वर्षं ज्या संधीची वाट पाहिली ती अखेर कुणीतरी दिली होती.

"तंबाखू? अहो, हा हिच्या हातचा काळा मसाला आहे! घ्या, घ्या की."

मालकांनी वास घेतला. मग चिमूट जिभेवर ठेवली. मग एका वाटीत आपलाच रस्सा मागवला, त्यात मसाला घातला आणि उभ्या उभ्या प्याले. मिशा थांबल्या.

"वहिनी, लय भारी हाय हे. काय काय घालता?"

मी "असंच, घरचं," म्हणेपर्यंत यांनी बाक पुढे ओढला होता. कांदा आधी वाळवायचा, मग परतायचा. दगडफूल मंद आचेवर. मी टेबलाखालून लाथ मारली, ती बाकाला लागली आणि माझाच अंगठा सुजला. खोबऱ्याची वाटी अख्खी विस्तवावर धरायची, ही माझ्या आईने माझ्या कानात सांगितलेली गोष्ट. तीही यांनी दुसऱ्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकली. वर उरलेली डबी भेट!

घरी येताना स्कूटरवर मी दोघांच्या मध्ये पर्स ठेवून बसले.

"रागावलीस?"

"नाही. आनंदाने वाचा गेलीय."

"एवढ्या मोठ्या मिसळवाल्याने तुला मान दिला."

"मला मान नको होता हो. मला मिसळ हवी होती."

हे काही यांना कळलं नाही. पुढे मला शाळेचे पेपर तपासायचे होते, मग पाहुणे आले, आणि पावसाळा अर्धा सरल्यावर आम्ही पुन्हा त्या शेडमध्ये गेलो. बाहेर गाड्यांची रांग. मालकांनी आम्हाला लांबूनच पाहिलं, टेबल रिकामं करवलं, ताटं स्वतः आणली आणि पंचा चुरगाळत समोर उभे राहिले.

पहिल्या घासाला मला कळलं. धूर गेला होता. तो मागाहून येणारा गोडसरपणा गेला होता. होता तो माझा एप्रिल, माझी गच्ची, माझा कांदा. इतकी चांगली नक्कल की मीच मसाला भाजल्यासारखे हात दुखायला लागले.

"जमलं का, वहिनी?"

एवढा मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखा उभा. काय सांगणार? "अगदी तंतोतंत," मी म्हटलं. ते खूश होऊन गेले.

आमचे हे खात होते. हात एकदा खिशातल्या नव्या डबीकडे गेला आणि काही न घेता परत आला. दुसरा घास. तिसरा. चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "काय गं, ही तर घरच्यासारखीच लागतेय."

"हं."

"मग एवढ्या लांब यायचं कशाला?"

मी चमचा खाली ठेवला. "पुन्हा म्हणा."

"म्हटलं, घरचंच खायचं तर बाहेर..."

"मोठ्याने म्हणा. त्या कोपऱ्यातल्या बाईंनाही ऐकू द्या."

मालक धावत आले. "काय झालं, वहिनी? तिखट झाली का?"

"नाही हो, भाऊ. यांना आज चव कळली."

पुढच्या रविवारी आम्ही पंचवटीत एका नव्या ठिकाणी गेलो. मटकी कच्ची, रस्सा खारट, फरसाण मऊ पडलेलं. यांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले, आणि सवयीने बोटं खिशावर गेली. माझ्याकडे पाहिलं. बोटं खिशावर तशीच टकटक करत राहिली, जेवण संपेपर्यंत, बिचारी.

इतकी वाईट मिसळ मी आयुष्यात खाल्ली नव्हती, आणि तिच्यात पुढे काय येणार हे मला एकाही घासाला सांगता येत नव्हतं. मी आणखी रस्सा मागवला.