गिनतीला बसणारी पोर

शाळेची घंटा झाली आन् माझी पोर सोनी मैदानात उकिडवी बसली. हात गुडघ्यावर, मान खाली. शेजारच्या पोरीचा फ्रॉक ओढून तिलाबी खाली बसवत व्हती. "जोडीनं बस गं. बाई मारंल."

बाकीची पोरं प्रार्थनेला उभी. मग सगळं मैदान हसलं.

मी गेटापाशी. डबा द्यायला आले व्हते.

ओट्यावर खुर्चीत आप्पा बसले व्हते. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. साठ एकर ऊस. माझा भाऊ त्यांच्याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. त्यांनी गुरुजींना विचारलं, "ही जेलातली ना?" आन् सोनीला पुढं बोलावलं. "कसं मोजत्यात गं तिथं? दाव की." गुरुजींनी घंटा वाजवली. ती बसली. उठवलं. परत वाजवली, परत बसली. चार वेळा.

मी काय केलं? काहीच न्हाई. घंटा वाजली तसे माझेबी गुडघे वाकले. गेटाला धरलं म्हणून उभी राहिले. डबा तिथंच ठेवून घरी आले.

सोनी सहा वर्षांची. त्यातलं दीड वर्ष माझ्यासंगं तुरुंगात. सकाळ-संध्याकाळ गिनती. घंटा झाली की बायांनी दोन-दोन करून उकिडवं बसायचं, पोरांनीबी, न्हाईतर शिपाईबाई काठी उगारायची. आकडे ती तिथंच शिकली.

नवरा कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला. घरी आला की मारायचा. नऊ वर्षं खाल्ला मार. एक दिवस त्यानं सोनीचा हात पेटत्या गॅसवर धरला. मी खलबत्त्यातला बत्ता उचलला. त्याचा एक डोळा गेला. पोलिसांनी डोळा लिहिला. हात कुणी लिहिला न्हाई. मीबी बोलले न्हाई. तोंडच उघडंना.

जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळंना. भाऊ म्हणाला, "आप्पा नको म्हणत्यात." सोनीला सहावं पुरं व्हायला आलं. सहाच्या पुढं पोर आत ठेवत न्हाईत, संस्थेत धाडत्यात. तवा शकूबाई भेटायला आल्या. दौंडच्या रिटायर नर्सबाई. सुटलेल्या बाया पोरांसकट आपल्या घरात ठेवतात. त्या मला जामीन राह्यल्या. "चल माझ्या घरी," म्हणाल्या. मी न्हाई म्हणाले. मला माझी माणसं पाह्यजे व्हती. भावाकडं शिरूर तालुक्यात आले.

शाळेतल्या त्या दिवसानंतर वहिनीनं सोनीचं ताट पडवीत मांडलं. देवळाची घंटा झाली की सोनी बसायची. कुल्फीवाल्यानं घंटी वाजवली तरी बसायची. बोलायची बंद झाली. मी दोनदा विहिरीच्या काठावर गेले. दुसऱ्या खेपेला सोनी कडेवर व्हती. खाली पाणी बघून ती किती दिवसांनी बोलली, "आई, इथंबी गिनती हाय का?"

तशीच मागं फिरले. दौंडची यष्टी धरली.

शकूबाईंच्या घराला आतून कडी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारापुढं उभी राह्यले, कुणी उघडंल म्हणून. आत दीड वर्ष मी एक दार उघडलं नव्हतं, आन् भावाकडं दार दिवसभर उघडंच असायचं. शकूबाई चुलीपासून म्हणाल्या, "कडी वर सरकव. जरा घट्ट हाय ती." बास. एवढंच.

सोनी खाटंखाली जाऊन बसली. तिथल्या बाया तिला वढून काढायला गेल्या न्हाईत. जेवायला झालं की शकूबाई ताट खाटंखाली सरकवायच्या. बारा दिवस. तेराव्या दिवशी ताट बाहेर आलं आन् आतून आवाज. "अजून भात."

मला कुणी काय विचारलं न्हाई. एक दिवस डाळ निवडताना माझं मीच सांगितलं, गॅसचं. शकूबाईंनी सोनीचा तळवा उलटा करून बघितला. म्हणाल्या, "हे कोर्टात गेलं पाह्यजे. पण तू म्हणशील तवा." चार दिवसांनी मी व्हय म्हणाले.

सगळं बरं झालं असं समजू नका. सोनी अजून अंथरूण भिजवते. दार वाजलं की मी अजून भिंतीला जाऊन उभी राहते.

दौंडच्या शाळेनं जुन्या शाळेचा दाखला मागितला. सोनीला घेऊन गावात गेले. ऑफिसात आप्पा, गुरुजी, आन् आप्पांचे कोण पाव्हणे.

"बस खाली," आप्पा म्हणाले. खुर्च्या रिकाम्या व्हत्या. मी उभीच राह्यले.

"दाखला दिऊ की. आधी पोरीला ते दावू दे. पाव्हण्यांनी बघितलं न्हाई."

गुरुजी हसले, घंटेच्या हातोडीकडं हात गेला. मी पुढं होऊन हातोडी हिसकावली. घट्ट धरली.

"आप्पा, तुमची नात ह्याच शाळेत हाय. तिला बोलवा. चार वेळा उकिडवी बसवा. मग माझी बसवते."

पाव्हण्यांनी मान खाली घातली.

"भावाचं काम इसरलीस का?"

"न्हाई इसरले."

"दाखला मिळायचा न्हाई."

"नका दिऊ."

सोनीचा हात धरून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी भावाला कामावरून काढलं. त्याचा फोन आला. "मला बहीण न्हाई." शकूबाई दौंडच्या शाळेत जाऊन हेडमास्तरांशी भांडल्या. दाखला न्हाई म्हणून पोर नाकारता येत न्हाई, असा कायदा हाय. सोनी पहिलीत बसली.

आता खटल्याचा निकाल जवळ आलाय. वकील म्हणत्यात, हाताचं कोर्टात सांगितलं तरी शिक्षा लागंल. सोनीला सहा होऊन गेलीत, ती आत येऊ शकत न्हाई. "हात जोड," ते म्हणाले, "दया माग."

मी म्हणाले, बत्ता मारला ते कबूल करते. दया मागणार न्हाई. अर्ज लिहा. किती वर्षं द्यायची ती द्या, पण शकूबाईंच्या घरात द्या. रोज चौकीत सही करीन. गावाची शीव वलांडणार न्हाई. पोर माझ्यापाशी राहील.

"असा अर्ज आजवर कुणी केलेला ऐकला न्हाई."

"माझा लिहा."

परवा घरात एक नवी बाई आलीय. तीन महिन्यांचं तान्हं हाय. तिचीबी तारीख पुढच्या महिन्यात. तिचाबी अर्ज मीच लिहायला लावणार.

दौंडचं कोर्ट न्हाई म्हणालं तर पुण्याला जाईन. पुणं न्हाई म्हणालं तर मुंबईला. मला आत टाकतील तर टाकतील. पण माझ्या पोरीला माझ्यापासून तोडायचा हुकूम मी गप उभी राहून ऐकणार न्हाई.