कलम कुठाय?

तो मंगळवार अजून माझी पाठ सोडत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं. पण चंदगड तालुक्यातली ही साधी चोरी डोक्यातून जात नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि ठाण्याचा कारभार माझ्याकडं होता. बाजाराच्या दिवशी भरदुपारी एका काजू कारखान्याच्या गोदामाचं कुलूप तुटलं आणि काजूगराचे डबे गेले. मालक वजनदार, त्यामुळे वरून रोज फोन. तिसऱ्या दिवशी खबऱ्यानं टीप दिली, की चोरीच्या सुमारास एक टेम्पो ताडपत्री बांधून कारखान्याच्या रस्त्यानं सुसाट गेला. टेम्पो कोण चालवतो तेही त्यानं सांगितलं. सोमवारी सकाळी त्या चालकाला आम्ही एसटी स्टँडवरच उचललं. हातातल्या पिशवीत इस्त्रीचे कपडे आणि कागदपत्रांची फाइल होती. पळून चाललाय, असं मी ठरवूनच टाकलं.

चौकशीत तो एकच धरून बसला. "त्या दिवशी शेजारची बाळंतीण घेऊन बेळगावला गेलतो सायेब. पाऊस हुता, म्हणून ताडपत्री बांधली. विचारा की दवाखान्यात."

"आणि आज कुठं निघाला होतास?"

"कोल्हापूरला. उद्या दुपारी सरकारी चालकाच्या भरतीची चाचणी हाय. वय संपतंय माझं, ही शेवटची भरती. घरच्यास्नी वाटंल, मी पावण्यांकडं मुक्कामाला पोचलो. त्यास्नी तेवढं कळवा."

बाळंतपण, भरती, पाऊस. असल्या कहाण्या ऐकून माझे कान किटले होते. बेळगाव दुसऱ्या राज्यात, तिथं माणूस कोण पाठवणार, हा आळसही होताच. तो कबूल होईना आणि मी सोडेना.

संध्याकाळी स्टेशन डायरी लिहिणारे हवालदार टेबलाशी आले. निवृत्तीला टेकलेला सज्जन माणूस. त्यांनी वरच्या कार्यालयातून आलेलं एक परिपत्रक पुढं ठेवलं. अटक केलेल्या माणसाच्या नातेवाइकाला कळवावं आणि तशी डायरीत नोंद करावी, असं सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात सांगितलं होतं.

"साहेब, ह्याच्या गावच्या पोलीस पाटलाकडं फोन हाय. निरोप देऊ का?"

"फौजदारी संहितेत कलम कुठाय याचं?" मी म्हणालो. "कलम दाखवा, मग कळवू. घरच्यांना कळलं की माल हलवतील."

हवालदार परिपत्रक घेऊन गेले.

मंगळवारी दुपारी आरोपीला न्यायालयात हजर केलं. न्यायाधीशांनी कागद चाळून विचारलं, "घरी कळवलं?" मी म्हणालो, कलमात तशी तरतूद नाही. त्यांनी चष्मा काढला, आवाज मात्र चढवला नाही.

"विधिमंडळानं लिहून दिलेला कायदा तुम्ही वाचलात. दुसराही एक असतो. न्यायाधीश समोरच्या प्रकरणात निकाल देतात आणि तो पुढच्यांना बांधतो. इंग्लंडात कितीतरी कायदा असाच निकालांतून उभा राहिला, त्याला कॉमन लॉ म्हणतात. आपल्याकडं बहुतेक कायदा कलमांत लिहिलेला आहे. तरी सर्वोच्च न्यायालय जे ठरवतं ते तुमच्यावर आणि माझ्यावर बंधनकारक आहे. त्याला कलमाचा नंबर नसला, तरी ते मर्जीवर सोडलेलं नाही. आत्ता फोन करा."

एक दिवसाची कोठडी मिळाली. फोनही केला. तोवर तिकडं कोल्हापुरात चाचणी उरकली होती.

बुधवारी सकाळी त्याचा बाप आला. सोबत बाळंतिणीचा नवरा आणि दवाखान्याचा कागद. नवरा त्या दिवशी टेम्पोतच होता. कागदावर चोरीच्याच दुपारी दाखल केल्याची वेळ होती, आणि रुग्णाला आणणारा म्हणून याचंच नाव, याचीच सही. खबऱ्या खोटं बोलला नव्हता. ताडपत्रीखाली चोरीचा माल मी माझ्या मनानं भरला होता.

बापानं आरडाओरडा केला नाही. "सोमवारी सांजच्याला कळलं असतं, तर तवाच आलो असतो की सायेब," एवढंच म्हणाला. "ल्योक चाचणीला पोचला असता."

पुन्हा सगळ्यांचे जबाब घेतले, तेव्हा कारखान्याचा पहारेकरीच गडबडला. डबे त्याच्या मेहुण्याच्या गवताच्या गंजीत निघाले. पुरावा नसेल तर आरोपीला सोडायचं, या कलम १६९ खाली चालकाला सोडलं. त्याला कलम होतं.

दोन हजार सहा साली संहितेत ५०-अ हे नवं कलम आलं: अटक झाली की नातेवाइकाला कळवायचं. जुन्या निकालातलीच गोष्ट, आता छापील. ठाण्यातल्या नव्या लोकांना ते समजावून देताना माझी जीभ जड व्हायची. कलम विचारणं ही माझी सबब होती, हे मला तेव्हा नीट कळलं.

निवृत्तीनंतर एकदा चंदगडला गेलो. वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या जीपमध्ये पुढं बसलो, तर स्टिअरिंगवर तोच. केस पिकले होते. त्यानं मला लगेच ओळखलं.

"सायेब, आता घरी कळवत्यात म्हणं?"

"होय. कलम आलंय."

"माझ्या येळंला न्हवता व्हय कायदा?"

‘नव्हता’ म्हटलं असतं तर दोघांनाही बरं वाटलं असतं. पण स्वतःला सांभाळून घ्यायचा मला आता कंटाळा आला होता.

"होता," मी म्हणालो. "मीच मानला नाही."

त्यानं मान हलवली. मग स्टँड येईपर्यंत तो मागच्या प्रवाशांशीच बोलत राहिला.