एकच पत्ता, दोन कॉम्प्युटर

मंडळी, आज केनवडच्या एका शाळेत नवीन राउटर बसवला. सेटिंगमधला एक पर्याय चालू केला आणि लॅबमधल्या सगळ्या कॉम्प्युटरना आपापला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा नंबर, आपोआप मिळाला. दहा मिनिटांत काम संपलं, पण मी तिथंच बसून राहिले.

पूर्वी मी रिसोडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तेव्हा प्रत्येक कॉम्प्युटरचा पत्ता हातानं टाकावा लागे. दोन कॉम्प्युटरना एकच पत्ता पडला की नेट अडायचं. नवीनच लागलेल्या गजाननसरांनी एकदा माझ्याच कॉम्प्युटरचा पत्ता टाकला.

मी चिडले, "माहा नंबर काहून घेतला तुमी?"

"मले काय मालूम तुमचा हाय म्हणून! आता तुमीच सांगा, कोनता टाकू?"

मग ते रोज सकाळी विचारायला येऊ लागले. आठवडाभरात सगळे पत्ते पाठ झाले असतील, तरी येतच राहिले.

आज घरी आल्यावर त्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ही राउटरची गोष्ट सांगितली. चहा गाळता गाळता म्हणाले, "बरं झालं तवा हे नव्हतं. नाईतर तुह्यासंगं बोलाले मले कारन कुठून भेटलं असतं?"

तुमचं कोणाशी असं एखाद्या किचकट कामातून जुळलं का? सांगा ना.