बांधकाका आणि फाडलेलं पान

बांधकाका कुठलीही वायर उपटण्याआधी ती चिमटीत धरून क्षणभर थांबत. "आतल्याला कळू दे, आपन निघालो," म्हणत. गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात आम्ही रक्ततपासणीच्या लॅबसाठी यंत्रं बनवायचो आणि काका आमचे मुख्य प्रोग्रामर होते. गिऱ्हाइकांना मात्र एवढा धीर नसे. ते पेनड्राइव्हवर अहवाल घेत आणि खसकन उपटून चालू लागत.

असं उपटल्यावरही यंत्र बिचकू नये, म्हणून काकांनी कर्नेलमध्ये एक दुरुस्ती केली होती. कर्नेल म्हणजे संगणकाच्या मुळाशी असलेला प्रोग्राम. जगभरातली माणसं मिळून तो लिहितात, आणि त्यांनी काकांची दुरुस्ती स्वीकारली. एरवी अर्ध्या चहावर बोळवण करणाऱ्या काकांनी त्या दिवशी पेढे वाटले. दुरुस्तीचा कागद छापून गास या आपल्या गावी, घरातल्या भिंतीवर लावला. पुढे बरेच दिवस आमच्याकडे येणाऱ्या कुरिअरवाल्यालाही तो किस्सा ऐकावा लागे.

पुढे आम्ही नवं कर्नेल घेतलं आणि भलतंच झालं. पेनड्राइव्ह सुखाने निघे, पण चालू यंत्राची प्रिंटरची वायर काढली की सगळं गोठून जाई. जुन्या कर्नेलवर ठीक, नव्यावर ठप्प. तयार यंत्रं गाळ्यात अडकली. दोन्ही कर्नेलच्या मध्ये शेकडो लोकांचे बदल होते. त्यातला चुकीचा बदल शोधायचं काम माझ्याकडे आलं.

काका खाडीकाठच्या शेतकऱ्यांतले. त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट बांधावरूनच समजे, म्हणून तर हे नाव पडलं. ते म्हणाले, "बांध गळतो तवा टोकापासून चालत बसायचं नाय. मधोमध उभं राहायचं, चरात पानी कुठल्या अंगानं येतं ते बघायचं. दुसरा अर्धा सोडून द्यायचा. उरलेल्याच्या पुन्हा मधोमध."

मी तसंच केलं. मधलं कर्नेल बसवायचं, वायर उपटायची, वहीत 'ठीक' किंवा 'ठप्प' लिहायचं. अर्ध्याचं अर्धं करत शेवटी एकच बदल उरला. त्यावर काकांचं नाव होतं.

तीनदा तपासलं. मग वहीचं शेवटचं पान फाडून खिशात घातलं आणि काकांना सांगितलं, "अजून सापडत नाही." दोन दिवस हेच चाललं. ज्यांनी मला काम शिकवलं, त्यांचाच कागद भिंतीवरून उतरवायला माझा जीव होईना.

तिसऱ्या दिवशी काकांनी वही मागितली. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "पान?"

मी काढून दिलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "आपला बांध म्हनून पानी गळायचं थांबतं काय रे?" एवढंच म्हणाले. त्याच दुपारी त्यांनी सगळ्या जगाला पत्र लिहिलं: चूक माझी, ही दुरुस्ती. मग दोन चहा मागवले, पूर्ण.

काका जाऊन आता वर्ष झालं. परवा गासला काकूंना भेटायला गेलो. भिंतीवर दोन कागद होते. "दुसरा पन लावायचा, असा हट्ट होता त्यांचा," काकू म्हणाल्या. तो त्या नंतरच्या दुरुस्तीचा, आणि त्यावर 'चूक शोधणारा' म्हणून माझं नाव आहे. सापडलेली चूक मी दोन दिवस लपवली होती, हे काकूंनाही ठाऊक नव्हतं.

तिथेच बसून मी त्यांना सांगितलं.