राजा म्हणाला, बस्ता

मला तेल लावलेले पैलवान आवडतात. धानोऱ्यासारख्या गावात एका शिक्षिकेनं हे उघड कबूल करणं म्हणजे आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं, म्हणून आजवर मी हे आईखेरीज फार कोणाला कळू दिलं नाही.

खुलासा करते, नाहीतर लोक भलतंच समजायचे. साठेक वर्षांपूर्वी इटलीत ढिगानं सिनेमे निघाले. त्यांत राजे, गुलाम, तलवारी, गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळलेल्या चपला, आणि मधोमध एक उघडाबंब माणूस. आता ते सिनेमे मोबाइलवर फुकट पडलेले असतात. बहुतेक इटालियन भाषेतच, खाली अक्षरं नाहीत, समजावून सांगणारं कोणी नाही. मी सत्तरएक तरी पाहिले असतील.

गोष्ट एकच असते. राजा म्हातारा, राणी दुष्ट, राजकन्या रडवेली. पैलवान कुठून तरी चालत येतो, त्याला कसलीच घाई नसते. तो खांब ढकलतो, खांब पडतात. तो धोंडा उचलून फेकतो, आणि नीट पाहिलं तर तो धोंडा जमिनीवर आपटून टुणकन उडतो. सिंह येतो, तो बहुधा जेवून आलेला असतो. एकच राजवाडा मी चार सिनेमांत ओळखलाय, फक्त पडदे बदललेले. घोड्यांची एक धाव तर दोन सिनेमांत जशीच्या तशी आहे, पांढऱ्या पायाचा एक घोडा दोन्हीकडे त्याच जागी अडखळतो. मी त्याची वाट पाहत बसते.

हसा खुशाल. पण एप्रिलच्या दुपारी, बाहेर रस्त्यावर कुत्रंही नसताना, कूलरच्या आवाजात ते पाहून बघा. जुन्या रिळांचा निळा आणि हिरवा उडून गेलेला असतो. उरतो तो गुलाबी, पळसाच्या फुलांचं पाणी दुसऱ्या दिवशी दिसतं तसा. त्या गुलाबी उजेडात पायऱ्या असतात, वाऱ्यावर हलणारे पडदे असतात, आणि मागे समुद्र. मी समुद्र पाहिलेला नाही. माझ्या मनातला समुद्र गुलाबीच आहे, आणि तो तसाच राहावा अशी माझी इच्छा आहे.

सगळ्यात आवडतं ते त्यांचं बोलणं. या सिनेमांत ओठ आधी हलतात आणि बोलणं मागून येतं. माणूस तोंड मिटून उभा राहिला तरी त्याचा शब्द अजून पोचत असतो. लोकांना हे खटकतं. मला नाही खटकत. आमच्या घरातही बोलणं मागूनच येतं, फक्त आमच्याकडे त्याला वर्षं लागतात.

हा नाद मला बाबांनी लावला. ते माजरीला कोळशाच्या खाणीत होते. वसाहतीच्या मैदानावर कधीमधी संध्याकाळी चादर ताणून सिनेमा दाखवत. सकाळी धुतलेली चादर सिनेमा सुरू होईपर्यंत कोळशाच्या धुळीनं राखाडी व्हायची, त्यामुळे मी पाहिलेल्या पहिल्या राजवाड्यावर कायम आभाळ भरून आलेलं होतं. पुढची जागा कधी मिळायची नाही. आम्ही चादरीच्या मागच्या बाजूला बसायचो. मागून सगळं उलटं दिसतं. पैलवान तलवार डाव्या हातात धरायचा, त्याचं सगळं सैन्यही डाव्या हातानं लढायचं.

"बाबा, हे असे काऊन?" मी विचारलं.

"तिकडचे लोक सारे डेबरेच असतात," बाबा म्हणाले. डेबरे म्हणजे डावखुरे.

मी हे इतकं खरं मानलं की वर्गातल्या एका डावखुऱ्या मुलीला मी तिचं गाव समुद्रापलीकडे आहे का म्हणून विचारलं होतं. सिनेमाची भाषा बाबांनाही येत नव्हती. तरी ते गोष्ट सांगत राहायचे, आणि एकदाही अडखळायचे नाहीत. बापाच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेली गोष्ट खोटी कशी असेल?

बाबा जाऊन पंधरा वर्षं झाली. आता मी एक्केचाळीस वर्षांची आहे, आणि घरात आई आणि मी. रविवारी दुपारी मी मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवते, आई शेजारी चिंच फोडत बसते. बाबांसारखीच तीही गोष्ट सांगते, पण तिची पद्धत वेगळी. ती ऐकू येणाऱ्या शब्दांवरून अर्थ लावते. सैनिक ओढून नेत असले की राजकन्या "माय! माय!" ओरडते. इटालियनमध्ये त्याचा अर्थ 'कधीच नाही', 'मुळीच नाही' असा होतो, हे मी मोबाइलवरच शोधून काढलं होतं. आईचे डोळे लगेच भरतात. "मायले बलावून राह्यली बिचारी," ती म्हणते, "अन् थे माय कुठी मेली काय मालूम." मी दुरुस्त करत नाही. तिचा सिनेमा माझ्या सिनेमापेक्षा चांगला असतो.

आता जे सांगायचं टाळते आहे ते सांगते. सतरा वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं. मुलगा चिमूरकडचा. आमच्याकडे लग्नाआधी दोन्ही घरची माणसं मिळून कापडाच्या दुकानात जातात, गादीवर बसून नवरीच्या साड्या, नवरदेवाचे कपडे, आहेराची लुगडी, सगळं एकदम घेतात. त्याला बस्ता म्हणतात. बस्ता झाला म्हणजे लग्न झाल्यातच जमा. आमचा बस्ता झाला, आणि आठ दिवसांनी त्यांच्याकडून निरोप आला की लग्न होणार नाही. कारण काय ते आजतागायत कळलं नाही. आई भिंतीला धरून रडली. मी रडले नाही. लोक म्हणाले, पोरीले धक्का बसला.

त्या दिवसापासून बस्ता हा शब्द आमच्या घरातून गेला. शेजारी बस्त्याला निघाले की आई म्हणायची, "थे कपडे घ्याले गेले." मला वाटायचं, हा शब्द ऐकला तर आई पुन्हा खचेल. म्हणून मीही तो कधी उच्चारला नाही.

आणि यंदा होळीच्या सुमाराला शेजारच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींनी मला विचारलं. त्यांची पत्नी चार वर्षांपूर्वी वारली. ते जंगलातल्या गावचे, गोंड घरातले. आमच्या घरी गणपती, त्यांच्या घरी पेन, म्हणजे त्यांचे देव. शिक्षकांच्या बैठकीहून परत येताना मोहाच्या झाडाखाली गाडी थांबवून ते म्हणाले, "मॅडम, मले तुमच्यासंग लग्न करायचं हाये. सुट्ट्या लागेपर्यंत सांगा. नाई म्हणसान तं मी बदली मागून घेतो. रोज तोंड पाहून राहाले मले जमणार नाई."

मी एकदा त्यांना माझा एक पैलवान दाखवला होता. त्यांनी पाच मिनिटं नीट पाहिलं आणि विचारलं, "ह्याईच्या इथी झाडच नाई एक. हे लोक खातात काय?" इतका सरळ प्रश्न मला सत्तर सिनेमांत पडला नव्हता. त्या दिवशीच माझं मन त्यांच्यावर गेलं असावं. पण आईला सांगायची हिंमत होईना. जमलं तर पुन्हा बस्ता, आणि पुन्हा मोडलं तर? मी सावरेन, आई सावरणार नाही, असं मला पक्कं वाटत होतं. सुट्ट्यांना महिना उरला होता.

तर तो रविवार. म्हातारा राजा सिंहासनावर थकून बसलेला. एकीकडून प्रधान बोलतोय, दुसरीकडून राजकन्या. राजाचे ओठ हलले, तो उठून उभा राहिला आणि मागून त्याचा आवाज आला, "बस्ता! बस्ता!"

आईचा चिंचेवरचा हात थांबला.

"बस्ता म्हणला काय थो?"

एरवी सिनेमात असं भांडण पेटलं की मी आवाज कमी करायचे, त्या दिवशी राहून गेलं. सतरा वर्षांनी तो शब्द घरात आला होता, आणि तोही आईच्या तोंडून. त्याचा अर्थ मला माहीत होता. इटालियनमध्ये बस्ता म्हणजे पुरे, बस झालं. पण मी म्हणाले, "हो."

"पोरीच्या लग्नाचा बस्ता काढून राह्यला बाप," आई म्हणाली. मग मोबाइलकडे वाकून तिनं पैलवानाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अन् नवरदेव हाच काय, उघडा? ह्याले तं कपडे पाह्यजेतच."

मला इतकं हसू आलं की ठसका लागला. आईही हसली, आधी पदरात, मग मोकळी. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढचे तीन रविवार स्वप्नात गेल्यासारखे गेले. इटलीचे ते राजे मोठे तापट, प्रत्येक सिनेमात कोणी ना कोणी बस्ता ओरडतंच. "झाला, ह्याईचाही झाला," आई समाधानानं म्हणायची. दुष्ट राणीच्या जरीच्या झग्यावर ती खूश होती, तसं कापड आपल्याकडे मिळत नाही म्हणायची. मग ती स्वतःच्या बस्त्याचं सांगू लागली. सगळे बैलगाडीतून गेले होते, बाबांच्या आईनं हिरव्या काठाचं लुगडं बाजूला सारलं होतं आणि हिनं ते हळूच पुन्हा पुढे ओढलं होतं. मी ऐकत राहायचे. खोटं चाललंय हे कळत होतं, पण त्या खोट्यात आई बोलत होती. गुरुजींनी दिलेली मुदत मात्र संपत आली होती.

सुट्ट्यांआधीच्या शेवटच्या रविवारी प्रधानानं पेला फेकला, राजा बस्ता म्हणाला, राजकन्या रडत पायऱ्या उतरून गेली. आईनं चिंचोके एकीकडे सारले. मग तिनं विचारलं, "ह्याईच्या इथी बस्ता झाल्यावर मोडते काय वं कधी?"

बाबा असते तर त्यांनी पटकन काही तरी रचलं असतं. मला जमलं नाही.

"आई," मी म्हणाले, "त्याईच्या भाषेत बस्ता म्हणजे पुरे. बस झालं. लग्नाचं काई नाई त्याच्यात."

आईनं चिंच खाली ठेवली. "तुले कवापासून माहीत हाये?"

"पहिल्यापासून."

"अन् माय? माय बी माय नोहे काय?"

"नाई. माय म्हणजे कधीच नाई."

"मी त्या पोरीसाठी किती हळहळली," आई म्हणाली, आणि तिला खरंच राग आला होता. "सोताच्या मायले फसवून राह्यली तू. आणखी काय काय लपवून ठेवलं हाये? एकदाच सांगून टाक."

मी सांगून टाकलं. गुरुजी, मोहाचं झाड, बदली, सगळं. ऐकताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मोबाइलवर पैलवान खांब ढकलत होता आणि राजवाडा आवाज न करता पडत होता, कारण आवाज मागून येणार होता.

"आपल्यातले नोहेत," ती म्हणाली.

"नाईत."

"माणूस कसा हाये?"

"चांगले हायेत. हसवतात मले."

"मंग होळीपासून चूप काऊन बसली?"

"पुन्हा मोडलं तं तुह्यं काय होईन, म्हणून."

आईनं हात पदराला पुसले. मग तिनं जे विचारलं ते मला आजवर कोणीही विचारलं नव्हतं. लग्न ठरवताना नाही, मोडल्यावरही नाही.

"एक सांग. थो चिमूरवाला तुले पसंत होता काय?"

"नाई," मी म्हणाले.

"मुळीच?"

"मुळीच नाई."

"अन् मोडलं तवा?"

"बरं वाटलं होतं, आई. लई बरं वाटलं होतं. पण तू रडत होती, मंग मी कशी सांगू?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिचे ओठ हलले, शब्द आलाच नाही. खूप वेळानं आला.

"मंग मी सतरा वर्षं कोणासाठी रडून राह्यली होती वं?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लग्न मोडलं त्या दिवशी न रडलेलं सगळं रडून घेतलं. तिच्या हातांना चिंचेचा वास होता. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. मग तिनं सिनेमा स्वतःच बोटानं बंद केला आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

"लाव त्याईले."

मी लावला. पलीकडून गुरुजी हॅलो, हॅलो म्हणत होते. मी मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी धरला. आईनं कोपरानं मला ढोसलं.

"सांग न, पसंत हाये म्हून," ती म्हणाली. "कोणी इचारो का न इचारो, आता सांगतच जाय."

मी सांगितलं.