शांताबाईची नाडी

भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही, आधीच सांगून ठेवते. मी नर्स आहे, असल्या गोष्टींना हसणारी. तरी हे लिहितेय... कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

मी गडचिरोली जिल्ह्यातली, धानोऱ्याच्या पुढची. कॉलेज चंद्रपूरला — नाव राहू द्या. पहिल्याच वर्षी माझी पार वाट लागली होती. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, वर जागरणं. पुस्तकं इंग्रजीत आणि मी आश्रमशाळेत मराठीत शिकलेली. गावात सगळे कौतुकानं "सिस्टरबाई" म्हणायचे, आणि इथे मला साधी सुईही नीट टोचता येईना. प्रॅक्टिकलला एकदा नापास झाले. पुन्हा नापास झाले तर कॉलेज सोडायचं, असं ठरवूनच दुसऱ्या खेपेला मी बाबांना बोलावून घेतलं. बिचारे एसटीनं आले, आणि माझ्या भरलेल्या बॅगेपाशी व्हरांड्यात बसून राहिले.

परीक्षेला पेशंट म्हणून डेमो-रूममधली जुनी रबरी बाहुली होती. आम्ही पोरी तिला शांताबाई म्हणायचो. खऱ्या पेशंटसारखंच तिलाही हात लावण्याआधी काय करणार ते सांगायचं, असा नियम. मी इंग्रजीत सुरू केलं आणि पुढे शब्दच फुटेना. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम म्हणाल्या, "अगं, मराठीत बोल."

मग तोंडातून घरचंच निघालं, "शांताबाई, तुमची नाडी पाहून राह्यली मी. भेऊ नोका."

तीन बोटं मनगटावर ठेवली. आणि आईशप्पथ... नाडी लागली!

अंगठ्यानं पाहिलं तर स्वतःचीच नाडी लागते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. पण माझा अंगठा बाजूला होता, आणि माझं काळीज तर धाडधाड उडत होतं. ही नाडी अगदी संथ होती, दुपारी निवांत पडलेल्या म्हातारीची असावी तशी. मोजता मोजता माझीही धडधड निवली. किती महिन्यांनी मोकळा श्वास आला म्हणून सांगू! बाहुलीवर सगळ्याजणी पुस्तकातला मिनिटाला बहात्तरचा आकडा ठोकून देतात. मी जेवढे ठोके लागले तेवढेच सांगितले — अठ्ठावन्न.

पुढचं सगळं सुरळीत पार पडलं. बाहेर येऊन बाबांच्या गळ्यात पडून रडले.

"काऊन रडतं वो माय? चाल, घरी जाऊ," बाबा म्हणाले.

"नाई बाबा. चांगला गेला पेपर. बॅग ठेवा तिथीच."

"मंग मले कायले बोलावलं एवढ्या दूर?" म्हणत तेही डोळे पुसायला लागले.

माझी रूममेट रुबीना म्हणाली, "टेन्शन होतं तुले. झोप नाई, जेवण नाई, भास होनारच नं!" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी शांताबाईचं मनगट दाबून दाबून पाहिलं. गार रबर, दुसरं काही नाही. मलाही रुबीनाचं पटलं असतं...

पण वॉर्डातल्या परीक्षेत परीक्षक पेशंटचा दुसरा हात धरून स्वतःही ठोके मोजतात आणि आमचा आकडा पडताळतात. त्या दिवशी मॅडमनी सवयीनं शांताबाईचाही दुसरा हात धरला होता. मी "अठ्ठावन्न" म्हटल्याबरोबर त्या बोलून गेल्या, "बरोबर. माझेही तेवढेच."

मग त्यांनी बाहुलीकडे पाहिलं, आणि तिचा हात हळूच गादीवर ठेवला.

मला तर टेन्शन होतं हो. मॅडमना कसलं होतं?